वाचकांचे प्रश्न: आर्क्टिकच्या दारात

मागच्या अंकात वाचकांना एक काल्पनिक काम दिलं होतं. थीम पार्कसाठी आर्क्टिक धर्तीचा प्रवेश-परिसर आखायचा; जागा ६० मीटर रुंद आणि ४० मीटर खोल, दिवसाला ८,००० पाहुणे, हवा उष्ण-दमट (दुपारी ३२ अंश, आर्द्रता ७० टक्के), उंचीची मर्यादा १४ मीटर. आराखड्यांबरोबर आलेल्या प्रश्नांतले निवडक इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: कागदावर आधी काय काढायचं, बर्फाचा डोंगर की गेट? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत.

दोन्ही नको, आधी माणसं मोजा. ८,००० पैकी ३० टक्के लोक सर्वांत गर्दीच्या तासात येतील असं धरलं तर ते २,४०० होतात. बाबागाड्या, ऐनवेळी न उघडणारे मोबाइल, मागे राहिलेलं मूल हे सगळं जमेस धरून टर्नस्टाइलच्या (एकेक माणूस आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकाच्या) एका मार्गिकेतून तासाला साधारण ५०० माणसं जातात. म्हणजे पाच मार्गिका, बिघाडासाठी एक जादा, आणि व्हीलचेअरसाठी निदान ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी असलेली एक. इथवर बहुतेकांचं बरोबर आहे.

गणित फसतं ते सुरक्षा तपासणीत. पिशवी उघडून बघायची तर मिनिटाला तीन-चार माणसांपेक्षा जास्त होत नाहीत. तासाला २०० धरा. सगळ्यांना एकाच प्रकारच्या रांगेत घातलं तर १२ मार्गिका लागतील. ६० टक्के लोकांकडे पिशव्या असतील असं मानून बिनपिशवीवाल्यांची रांग वेगळी केली, तर पिशव्यांसाठी आठ आणि इतरांसाठी दोन, अशा दहांत भागतं. टेबलासकट प्रत्येक मार्गिकेला २.४ मीटर द्या, की २४ मीटर रुंदी गेली. उघडण्याच्या वेळेआधी सहाशेएक माणसं दारात उभी असतील. माणशी एक चौरस मीटर धरला तर ६०० चौरस मीटर सावली हवी. तुमच्या एकूण जागेचा हा पाव हिस्सा आहे. आर्क्टिक दाखवायची खरी जागा हीच, कारण पाहुणा सर्वांत जास्त वेळ इथेच उभा असतो. आलेल्या आराखड्यांत बहुतेकांनी सगळी सजावट टर्नस्टाइलच्या पलीकडे केली आहे आणि रांगेवर नुसता पत्रा टाकला आहे.

आणीबाणीत बाहेर पडण्याचं गणितही आत्ताच करा. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात. ३,००० माणसं आठ मिनिटांत या बाजूनं बाहेर काढायची असतील तर ४.७, म्हणजे पाच मीटर निव्वळ रुंदी लागते. टर्नस्टाइलची रुंदी यात धरायची नाही. ढकलताच उघडणारे दरवाजे वेगळे हवेत, आणि ते बर्फाच्या कड्यात इतके बेमालूम मिसळू नका की गरजेच्या वेळी कुणाला सापडणारच नाहीत.

प्रश्न: सगळं पांढरं केलं तरी चित्र बर्फाचं वाटत नाही, थर्माकोलच वाटतं. काय चुकतंय?

पांढरा रंगच चुकतोय. आणि त्याच्याही आधी, ऋतू ठरवलेला नाही.

आर्क्टिक वर्षभर पांढरं नसतं. जूनच्या अखेरीस किनाऱ्यालगतचा टुंड्रा (तिथली झाडं नसलेली, गोठणारी जमीन) तपकिरी, शेवाळी, दगडांवर केशरी दगडफूल असलेला असतो. बर्फ डोंगराच्या घळींत आणि हिमनद्यांवर उरतो. समुद्रावरच्या बर्फात वितळलेल्या पाण्याची फिरोजी डबकी साचतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या वसाहतींत घरं लाल, पिवळी, निळी रंगवलेली असतात. ३२ अंशांच्या हवेत हिवाळ्यातलं आर्क्टिक उभं केलंत तर पाहुण्याचा घामच ते खोटं पाडेल. उन्हाळ्यातलं आर्क्टिक मात्र खपून जातं. शिवाय तपकिरी आणि केशरीच्या शेजारी मोजका पांढरा जितका थंड वाटतो, तितका पांढऱ्याच्या शेजारी पांढरा कधीच वाटत नाही. ताजा हिम पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के परत फेकतो. तसा रंग उघड्या उन्हात लावला तर रांगेतली माणसं डोळे मिचकावत उभी राहतील. परावर्तन ६५-७० टक्क्यांवर आणा.

दुसरी गोष्ट निळ्याची. बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो, पण तो परिणाम दिसायला उजेडानं बर्फातून काही मीटर प्रवास करावा लागतो. म्हणून निळा रंग खोल भेगांत आणि बुडाशी असतो. वरचा थर हवेच्या बुडबुड्यांमुळे पांढरा दिसतो. बऱ्याच आराखड्यांत नेमकं उलटं आहे: टोकांवर निळी झाक आणि भेगांत काळपट करडा. फक्त हे उलटवून बघा, अर्धा थर्माकोल तिथेच जाईल.

तिसरी, सावली. ७८ अंश उत्तरेला सूर्य वर्षातल्या सर्वांत उंच दुपारीही क्षितिजापासून ३५.५ अंशांवरच असतो, त्यामुळे तिथे सावल्या कायम लांब. तुमच्याकडे ऊन डोक्यावरून येणार आणि वरचे सपाट भाग भाजून पांढरेफटक होणार. यावर उपाय घडणीत आहे: कड धारदार ठेवा आणि तिच्याखाली १५० ते ३०० मिलिमीटर खोल खोबण कोरा. दुपारची सावली त्या खोबणीत पडते आणि आकार टिकतो.

प्रश्न: बर्फाचे कडे प्रत्यक्षात कशाचे बांधतात? फायबर, काँक्रीट की फोम?

माणसाचा हात पोहोचतो तिथे काँक्रीट, हात न पोहोचणाऱ्या उंचीवर फायबर, आणि आतून उजळायचं तिथे पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक, ही उजेड आरपार सोडणारी प्लास्टिकं. फोमवर कडक लेप देऊन केलेलं काम झटपट आणि हलकं असतं, पण आग-रोधक दर्जाचाच फोम वापरावा लागतो, आणि कुणी किल्लीनं लेप खरवडला की आतले पांढरे दाणे गळायला लागतात. रांगेच्या कडेला तो नकोच.

काँक्रीटच्या कड्याचा क्रम असा. लोखंडी सांगाड्यावर आकाराप्रमाणे वाकवलेल्या १० मिलिमीटरच्या सळया सुमारे २०० मिलिमीटर अंतरानं, आडव्या ६ मिलिमीटरच्या. त्यावर एक्स्पांडेड मेटलची (चिरून ताणलेल्या पत्र्याची) जाळी तारेनं १५० मिलिमीटरवर बांधलेली. बांधणी सैल असली की फवारताना जाळी थरथरते, मागे पोकळी राहते आणि पुढे नेमकी तिथेच ढलपी सुटते. मग ४०-५० मिलिमीटरचा पहिला थर फवारायचा आणि तो खरबरीत ठेवायचा. दुसरा ३०-४० मिलिमीटरचा थर कोरण्यासाठी. अंगठा दाबल्यावर खळगा पडतो पण माल अंगठ्याला चिकटत नाही, तेव्हा कोरायला घ्यायचं. गरम हवेत हा अवधी तासाभराचाही असतो, म्हणून एका वेळी कोरून होईल तेवढाच भाग फवारा. बर्फासाठी करणीनं लांब, एका दिशेचे, सपाट काप घ्या. खडकासारखे गोलसर खड्डे पाडले की पांढऱ्या रंगातही ते खडकच दिसतात.

सात दिवस ओलं ठेवायचं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, घाईनं रंग दिला तर पोपडे धरतो आणि खालून क्षार फुटतात. २८ दिवस थांबा, नाहीतर अल्कली सोसणारा प्रायमर द्या. वरचा रंग तीन टप्प्यांत: मळकट पांढरा हात, भेगांत पाण्यानं पातळ केलेला निळसर-हिरवा हात ओतून ओल्या स्पंजनं पुसलेला, आणि शेवटी कोरड्या ब्रशनं फक्त कडांवर स्वच्छ पांढरा.

दोन बारीक गोष्टी नकाशात आत्ताच लिहा, नंतर करता येत नाहीत. प्रत्येक बाहेर आलेल्या कडेच्या पोटाला १० मिलिमीटरची पाणगळ खाच. ती नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्यावर काळे ओघळ उतरतात. आणि जमिनीपासून १.२ मीटरपर्यंत पांढरं काही ठेवूच नका. तिथे गडद दगड, लाकूड, हिमनदीनं आणलेला गाळ दाखवा. हात, बूट आणि बाबागाड्यांची चाकं नेमकी एवढ्याच पट्ट्यात लागतात.

पिवळेपणाबद्दल पुष्कळांनी विचारलंय. साधा पॉलिएस्टर रेझिन आणि अरोमॅटिक जातीचा पॉलियुरिया उन्हानं पिवळा पडतो. वर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा हात हवा, आणि तशी नोंद कामाच्या तपशिलात असावी. नुसतं ‘यूव्ही कोटिंग’ लिहिलं तर काहीही येऊ शकतं.

आतून उजळणाऱ्या भागात प्लास्टिकच्या पत्र्याच्या उष्णतेनं होणाऱ्या वाढीला जागा ठेवा. ॲक्रिलिक अंशामागे मीटरला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं; दोन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकात साडेपाच मिलिमीटर. भोक स्क्रूच्या मापाचंच असलं तर तडा तिथूनच जातो. एलईडी आणि पत्रा यांच्यातलं अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराच्या दीडपट ठेवा, म्हणजे ठिपके दिसणार नाहीत.

प्रश्न: जमीन गोठलेल्या तळ्यासारखी चकचकीत करायची आहे. ओली झाल्यावर घसरणार नाही असा काही लेप आहे का?

चकचकीत आणि न घसरणारं हे एकत्र मागू नका. चकाकी भिंतीवर द्या, पायाखाली पेंड्युलम चाचणीत (घसरण मोजायच्या चाचणीत) ओल्या अवस्थेत ३६ किंवा त्याहून जास्त येणारा पृष्ठभागच हवा. निळसर रंग मिसळलेलं काँक्रीट, वर काचेची किंवा पांढऱ्या गारगोटीची खडी पेरलेली आणि पाण्यानं धुऊन उघडी केलेली, हे दिसायलाही चांगलं आणि टिकायलाही.

टुंड्राच्या जमिनीत एक आयती रचना आहे. हिवाळ्याच्या कडाक्यात आकसून ती भेगाळते आणि मोठमोठे बहुकोन तयार होतात. प्रत्यक्षात ते १० ते ३० मीटरचे असतात. काँक्रीटच्या फरशीला सांधे कापावेच लागतात: १२५ मिलिमीटर जाडीला साधारण तीन-साडेतीन मीटरवर, जाडीच्या पाव खोलीचे, ओतल्यापासून सहा ते अठरा तासांत. हे सांधे चौकोनी न कापता बहुकोनी कापा. तसेही कापायचेच आहेत, ते शोभेचं काम करतील. फक्त ६० अंशांपेक्षा अरुंद कोन टाळा, ते टोक तुटतंच. उंच-सखल दाखवायचा मोह झाला तर रंगानं दाखवा. खऱ्या चढाला १:२० चांगला, १:१२ ही शेवटची मर्यादा, आणि दर नऊ मीटरला सपाट टप्पा.

प्रश्न: दारावर पेंग्विन आणि आत इग्लूची तिकीटघरं ठेवली आहेत. ठीक ना?

पेंग्विन काढा, ते दक्षिण गोलार्धातले. वॉलरस, आर्क्टिक कोल्हा, नारव्हाल (लांब सुळ्याचा देवमासा), पांढरं अस्वल यांतून निवडा. कोरलेले लाकडी टोटेम खांबही काढा. ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचे आहेत, आर्क्टिकचे नाहीत.

इग्लू ठेवायचा तर एकच, आणि नीट. हिमाच्या विटा समपातळीत एकावर एक थर देऊन रचत नाहीत. त्या एका सर्पिल ओळीत, आत कलत चढत जातात. आराखड्यातल्या बहुतेक इग्लूंना विटांच्या भिंतीसारखे आडवे सांधे आहेत. शिवाय हिमाची घरं प्रामुख्यानं कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या आणि वायव्य ग्रीनलंडमधल्या इनुइट या मूळ रहिवाशांची, तीही हिवाळ्यातली. कर्मचाऱ्यांना लोकरीची टोपडी घालून ‘तिथले लोक’ बनवू नका.

तिकीटघरांसाठी वसाहतीतली लाकडी घरं घ्या. कायम गोठलेली जमीन घराच्या उबेनं वितळू नये म्हणून ती खांबांवर उचललेली असतात, आणि त्याच कारणानं पाण्याचे-सांडपाण्याचे नळ जमिनीवरून, उष्णतारोधक आवरणात नेतात. तुमच्या हाती यानं मोठीच सोय येते: ती लाकडी पेटी रांगेचा कठडा होईल, आतून विजेच्या तारा जातील, आणि ४५० मिलिमीटर उंचीवर ठेवली तर बाकही होईल. घराचे खांब मात्र नुसते दाखवायचे. खिडकीचा निदान एक काउंटर ८०० ते ८५० मिलिमीटरवर हवा, नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाला तिकीट देताना आतल्याला ओणवं व्हावं लागेल.

प्रश्न: आत शिरताना खरोखर थंडी वाजावी म्हणून बर्फगार बोगदा आणि जमिनीवरून वाहणारं धुकं सुचवलं आहे. शक्य आहे का?

शक्य आहे, पण थंडी किती हवी याचा अंदाज बहुतेकांनी अति केला आहे. बाहेरून आलेल्या माणसाला पाच-सहा अंशांचा अचानक फरक पुरेसा जाणवतो. दहा अंशांवर नेलेला बोगदा फक्त वीज खातो आणि घाम गाळतो. ३२ अंश, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर ती हवा लागली की पाणी सुटणार. छतावरून थेंब, जमीन ओली, बाहेर पडताना चष्मे धूसर. बोगद्याची दोन्ही तोंडं उघडी आणि हवा दमट असेल, तर एसी कितीही मोठा लावा, हे होणारच.

आमच्या मते बोगदा सोडून द्यावा. दाट सावली, डोक्यावरून संथ मोठे पंखे, आणि टर्नस्टाइल ओलांडल्याबरोबर दोन मीटरच्या पट्ट्यात वरून सोडलेली आधीच कोरडी केलेली गार हवा, एवढ्यानं काम होतं. पट्टा पार करायला तीन सेकंद लागतात आणि आठवणीत तेवढेच राहतात.

बोगदा हवाच असेल तर भिंतींना उष्णतारोधक थर, मागे पाण्याची पन्हाळ, छताला मधून कडेकडे उतार, आणि दोन्ही टोकांना हवेचे पडदे. रुंदी संध्याकाळच्या गर्दीवरून ठरवा; शेवटचा खेळ संपला की सगळे एकदमच निघतात.

धुक्याचं असं. साधारण ७० बार दाबानं बारीक नोझलमधून सोडलेले थेंब दहा-वीस मायक्रॉनचे असतात आणि कोरड्या हवेत विरून गारवा देतात. तुमच्या हवेत ते विरत नाहीत, खाली बसतात. वाऱ्याची झुळूकही ते उडवून लावते. तेव्हा नोझल वाटेवर न ठेवता कठड्यापलीकडच्या भेगांत, वारा न लागणाऱ्या जागी ठेवा. तिथे धुकं रेंगाळतं आणि निळ्या दिव्यात छान दिसतं. पाणी २० ते ४५ अंशांत साठून राहिलं तर लिजिओनेला हा रोगजंतू वाढतो आणि धुक्यातून थेट फुप्फुसात जातो. म्हणून साठवण नको, यूव्ही निर्जंतुकीकरण हवं, आणि रोज सकाळी नळ्या धुऊन काढाव्यात. ड्राय आइसचं (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं) जमिनीलगतचं धुकं बंदिस्त जागेत सुचवूच नका. तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि लहान मुलांचं नाक नेमकं त्याच उंचीवर येतं.

फेस किंवा पाण्यानं फुगणारी पावडर वापरून ‘हिमवर्षाव’ करू नये. दोन्ही फरशी निसरडी करतात, आणि पावडर गटारात जाऊन तिथे फुगते.

प्रश्न: प्रवेशद्वारावर दिवसभर अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) दिसेल असं काही?

उन्हात नाही. शिवाय तुम्ही उन्हाळा निवडला असेल तर मध्यरात्रीच्या सूर्यात खऱ्या आर्क्टिकमध्येही अरोरा दिसत नसतो. तो आतल्या एखाद्या अंधाऱ्या भागात, निदान दहा मीटर खोल छताखाली ठेवा. रंग मोजके ठेवा: मुख्य हिरवा (ऑक्सिजनचा, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा), वरच्या टोकाला थोडा लाल, खालच्या काठाला क्वचित जांभळट. खालची कड ठळक, वर विरत जाणारा पडदा, इंद्रधनुष्य नव्हे. एका आकारातून दुसऱ्यात जायला आठ-दहा सेकंद द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट झाले तर काहींना फिट येऊ शकते, आणि लेझर माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर फिरवायचा नसतो.

प्रश्न: १४ मीटरमध्ये डोंगर भव्य कसा दाखवायचा?

तीन थरांत: पुढे ४ मीटर, मध्ये ८, मागे १४, मधे दुरुस्तीसाठी दीड मीटर वाट. पुढच्या थरावरची भेग ६०० मिलिमीटर असेल तर मधल्यावर ३००, मागच्यावर १५०. मागे जाल तसा रंग फिका आणि निळसर, फरक कमी. मागच्या थराचा पाया पुढच्या थरानं झाकलेला असावा. डिस्नीलँडमधला १९५९ सालचा मॅटरहॉर्न (आल्प्समधल्या शिखराची प्रतिकृती) १४७ फुटांचा आहे, खऱ्या शिखराच्या जवळपास शंभरावा हिस्सा. वरच्या उतारावरची झाडं मुद्दाम लहान ठेवून तो उंच भासवला आहे. तुमच्याकडे झाडं नाहीत (आर्क्टिकमध्ये नसतातच), म्हणून काम भेगांच्या मापानंच करायचं. दार, शिडी, कठडा, स्पीकर असं ओळखीच्या मापाचं काहीही मागच्या थरावर दिसता कामा नये. आणि दोन आराखडे सोडले तर सर्वांनी डोंगराची पाठ मोकळी सोडली आहे. घरी निघालेला पाहुणा तीच पाठ बघत येतो.

प्रश्न: वाऱ्याचा घोंघाट लावावा का?

तिकीट विकणाऱ्याला तो दिवसभर ऐकायचा आहे, त्यामुळे नको. हिमनदीचा बर्फ पाण्यात वितळताना दाबाखाली अडकलेली हवा सुटते आणि बारीक तडतड ऐकू येते. तो आवाज कठड्यातल्या छोट्या स्पीकरमधून, अगदी हळू, एखाद-दुसऱ्या जागीच ठेवा. कान जवळ नेणाऱ्यालाच ऐकू येईल असा. काउंटरपाशी काहीच नको.

प्रश्न: १:१०० च्या मॉडेलवर हिम कशाचं करावं? खाण्याच्या सोड्याचं आठवड्याभरात खराब झालं.

सोडा ओल धरतो, गुठळ्या होतात, कालांतरानं पिवळटतो. त्याऐवजी संगमरवराची बारीक भुकटी मॅट ॲक्रिलिक माध्यमात कालवून पातळ लेप द्या आणि ओला असतानाच वर चाळणीनं कोरडी भुकटी भुरभुरवा. कड्यांसाठी दाणेदार थर्माकोल नको, सलग पोताचा एक्सपीएस फोम घ्या, नव्या ब्लेडनं एकाच दिशेनं कापा, आणि चिकटवायला पाण्यावर आधारित गोंद वापरा, सॉल्व्हंटचा गोंद फोम विरघळवतो. डबक्यांसाठी इपॉक्सी वजन करून मिसळा, तीन ते पाच मिलिमीटरच्या थरांत ओता, आधीचा थर पुरता घट्ट झाल्यावरच पुढचा. माणसं १७ मिलिमीटरची ठेवा आणि निदान दीडशे लावा, रांगेतच.